उजव्या चपलेची टाच

आरशात बाबांचा ग्लास वर-खाली होत होता आणि आवाज येत नव्हता. म्हणजे ऐका ना, मी दाराजवळच्या आरशासमोर केस विंचरत होते, दातात पिन धरलेली, बस यायला दहा मिनिटं, आणि त्या आरशाच्या कोपऱ्यात मागच्या खोलीतला पलंग दिसतो, पलंगाशेजारचं स्टूल दिसतं. तर त्या स्टुलावर बाबांचा डावा हात ग्लास आपटतोय, वर, खाली, वर, खाली, आणि घर एकदम शांत. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर माणसं कशी नुसती तोंडं हलवतात, तसं. खरं सांगते, एक सेकंद मला हसूच आलं. मग त्यांचा चेहरा दिसला. लालभडक, डोळ्यांतून पाणी, मान पुढे. पिन कुठे पडली कळलं नाही. पळत गेले, पुढे वाकवलं, पाठीवर थापा मारल्या, आणि त्यांच्या तोंडातून एक गोळा पडला, खेळायच्या गोटीएवढा. बाहेरून ओला, चिकट. मी तो बोटांनी फोडला. आतून कोरडा. पांढरा, भुरभुरीत, डब्यातून आत्ता काढल्यासारखा कोरडा. आई ओल्या हातांनी धावत आली, "अगं, मला बोलवायचं नाही का त्यांनी?" मी म्हटलं, "बोलवत होते की!" तुम्हाला माहितीय ना, पाच महिने झाले बाबांना झटका येऊन, उजवी बाजू गेली, शब्द एकेक करून बाहेर येतात आणि येताना धडपडतात, म्हणून काही हवं असेल तर ग्लास आपटायचा असं घरात ठरलेलं. पण स्टुलावर घडी घातलेला टॉवेल होता. "मीच ठेवला कालपासून," आई म्हणाली, "सारखं ठक ठक, डोकं उठतं गं माझं. आणि काचेचा ग्लास, फुटला म्हणजे?" "मग स्टीलचा द्यायचा." "स्टीलचा आणखी वाजतो." मग तिला माझ्या तळहातावरची ती पूड दिसली. "ही तुझ्याच कंपनीची ना? तू काल आणलेली? मी म्हटलं डब्यावर मुलीची सही आहे, जास्त ढवळायला नको." ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधेपणाने म्हणाली, आणि बाबांचं तोंड पुसायला लागली.

बस चुकली नाही, तेवढं नशीब. खिडकीशी बसले आणि मूठ उघडली तर पूड अजून हातातच. तुम्ही सगळे मित्रमैत्रिणी मला पुडीवाली म्हणता, म्हणा, पण त्या पुडीचं काम नेमकं काय ते तुम्हाला कुणालाच नीट माहीत नाही, हा चष्मा सोडून, कारण तो माझ्या शेजारच्याच टेबलावर काम करतो. चष्म्या, मध्ये बोलू नकोस. तर, आमची पूड आजारी माणसांसाठी. पाण्यात टाकली की तिने भिजायला हवं, लगेच, आपण होऊन. न भिजली तर ती वर तरंगते, किंवा बाहेरून ओली होते आणि आत कोरडी राहून गोळा धरते, आणि गिळायला ज्याला आधीच त्रास त्याच्या घशात तो गोळा जातो. हे मी लोकांना समजावून सांगते. नवीन माणसं आली की हे पहिलं वाक्य मीच सांगते! आणि ती भिजते की नाही हे मोजायचं कसं, तर एक काचेची नळी, बोटाएवढी, तिच्या बुडाला गाळणकागद. त्यात तोलून पूड भरायची, मग नळी उभी धरून टेबलावर शंभर वेळा ठोकायची म्हणजे पूड बसते. मग ती नळी काट्याला टांगायची आणि खालून पाण्याची वाटी हळूहळू वर आणायची. साधं पाणी नाही, त्यात आधीच तीच पूड विरघळवून गाळून घेतलेलं, पोट भरलेलं पाणी, म्हणजे ते चढताना आणखी पूड खात बसत नाही. बूड पाण्याला टेकलं रे टेकलं की पाणी दाण्यांच्या फटींतून चढायला लागतं, कुणी न ढकलता, आणि काटा सेकंदा-सेकंदाला वजन सांगतो. जितकं भराभर चढेल तितकी पूड पाण्याला आपलं म्हणते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. कोरड्या पांढऱ्या पुडीत एक करडी रेघ वर वर सरकतेय, आणि मला बाबांचं पिंप आठवलं.

बाबा गवंडी. सुट्टीच्या दिवशी मला कामावर न्यायचे, कारण घरात मी आईला छळायचे. तिथे विटा लावायच्या आधी पाण्याच्या पिंपात बुडवायचे, कोरडी वीट लावली तर ती सिमेंटचंच पाणी पिऊन टाकते आणि सांधा मरतो. वीट आत गेली की बुडबुडे सोडते, बारीक, चरचर आवाज करत. मी पिंपावर वाकून बघायचे, नाकाला तो ओल्या भाजक्या मातीचा वास, केसांची टोकं पाण्यात. बाबा भिंतीवरून ओरडायचे, "मुकादम, थांबली का?" मी ओरडायचे, "अजून बोलतेय!" "मग बोलू दे." बुडबुडे थांबले की मी हात वर करायचे आणि माझ्या हात वर करण्यावर एक अख्खी भिंत उभी राहायची, निदान मला तसं वाटायचं. आणि फरशी बसवली की ते थापीचा दांडा उलटा धरून ठोकायचे, चारी कोपरे, मध्ये, आणि मान तिरकी करून ऐकायचे. भरीव आवाज आला तर पुढची. पोकळ आला तर खालचं सिमेंट ओलं असेपर्यंत फरशी उचकटायची. दोनच शब्द बोलायचे, "काढ. परत." मालक उभा असो, ऊन डोक्यावर असो, काढ, परत. मला तेव्हा राग यायचा. वरून तर काही दिसत नाही! वरून फरशी छानच दिसायची.

तर मी बसमध्ये, मुठीत पूड, आणि डोक्यात एकच, की ह्या लॉटचा माझा आकडा बावन्न होता. पाण्याचा थेंब पुडीवर ठेवला तर त्याची कड पुडीशी किती अंशांचा कोन करेल, ते पाणी चढण्याच्या वेगावरून काढायचं. साठच्या आत असेल तर पास. जेवढा कमी तेवढं चांगलं. बावन्न म्हणजे छान. आणि बावन्नची पूड माझ्या बापाच्या घशात कोरडी सापडली. पाणी गार होतं का? आई नेहमीच कोमट घेते. डबा ओलसर जागी होता का? काल संध्याकाळी तर फोडला. मनाला काय, ते वकिलासारखं माझी बाजू मांडत होतं, आणि माझा हात मात्र मांडीवर आपटत होता, वर, खाली, शंभर ठोके मोजतात तसा, आणि पॅन्टच्या कापडावर त्याचा आवाज येत नव्हता. शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली. तेव्हाही मला कळलं नाही. कळलं ते टेबलाशी उभी राहिल्यावर. नळी भरली, उचलली, खाली आणली. धप. पुन्हा. धप. आणि माझ्या डोळ्यांसमोर तो टॉवेल आला, स्टुलावरचा, घडी घातलेला, ठोका गिळून बसलेला. मी खाली पाहिलं. आमच्या दगडी टेबलावर, माझ्या नळीखाली, रबराचा एक चौकोन.

आता हे तुम्हाला कुणालाच सांगितलेलं नाही, चष्म्यालासुद्धा नाही. आमच्याकडे आधी एक मास्तर होते, सव्वीस वर्षं नळ्या ठोकून तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले, त्यांचं काम मला मिळालं. पहिल्याच दिवशी मी दोन नळ्या फोडल्या. आमच्या मोठ्या मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि शांतपणे म्हणाल्या, "या बाहेरून मागवाव्या लागतात. सहा आठवडे लागतात." त्या शांतपणे बोलतात हेच वाईट. घरी आले, बूट काढले, आणि रॅकवर बाबांच्या चपला दिसल्या, जाड रबरी. मी स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि उजव्या चपलेची टाच चौकोनी कापली. उजव्या. डावीला हात लावला नाही. म्हणजे बघा, उजवा पाय तर हलतच नव्हता, तो काही आता जमिनीला लागत नाही, असं मी मनात म्हटलंसुद्धा नाही, हातानेच परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टर म्हणत होते बघू, आई म्हणत होती होईल, आणि मी सुरीने निकाल देऊन मोकळी. राहिलेली चप्पल पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकली. आणि परवा व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, "सोमवारपासून उभं करू या त्यांना, चपला तयार ठेवा." तेव्हापासून आई उजवी चप्पल शोधतेय. "एक चप्पल कोण चोरतं गं? लंगडा चोर होता की काय?" आणि मी तिच्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधलं. वाकून! बॅटरी घेऊन!

मी मास्तरांना फोन लावला. मागे कुत्रं भुंकत होतं. "मास्तर, तुम्ही नळी ठोकताना खाली काय घ्यायचात?" "काय घेणार? टेबल." "नुसतं? दगडावर?" "मग काय, गादी घालू?" "फुटायच्या नाहीत?" "फुटायच्या की. वर्षाला चार-पाच. मॅडम चष्मा वर करायच्या, मी खाली बघायचो. का गं पोरी?" मी म्हटलं, "आणि तो कपाटाच्या दारावर चिकटवलेला आकडा, तो तुम्ही दगडावर ठोकूनच काढलात?" आता हा आकडा म्हणजे सगळ्याची किल्ली. पाणी भराभर चढलं ते पूड भिजते म्हणून, की फटीच मोकळ्या होत्या म्हणून, हे कळायचं कसं? तर हेक्झेन नावाचं एक द्रव असतं, पेट्रोलचा धाकटा भाऊ समजा, ते कुणालाच परकं मानत नाही, कुठल्याही पुडीत घुसतं. ते किती वेगाने चढलं त्यावरून त्या नळीतल्या वाटा किती मोकळ्या ते कळतं, एकदा मोजून ठेवायचं, आणि पुढे पूड तश्शीच ठोकली तर तो आकडा कायम चालतो. तश्शीच ठोकली तर. मास्तरांनी आधी कुत्र्याला गप्प केलं. "तू खाली काय घेतलंस?" "रबर." "किती दिवस?" "तीन महिने." "अरे देवा. पोरी, आवाज नाही ऐकलास? पूड बसली की नळीचा आवाज बदलतो. सत्तर-ऐंशीला बदलतो. मी मोजायचो ते लोकांना दाखवायला." म्हणजे माझी पूड कधी नीट बसलीच नव्हती. ढिली, ऐसपैस, वाटा मोकळ्या, आणि पाणी त्यातून धावत सुटलं, आणि मी खूश होऊन लिहिलं, बावन्न, छान भिजते.

हा चष्मा, हो, तूच, हा मला काय म्हणाला माहितीय? फोन ऐकून खालच्या आवाजात म्हणाला, "तुला नोकरीत कायम केल्याचं पत्र मॅडमच्या ड्रॉवरमध्ये आहे, मी पाहिलंय. शुक्रवारी हातात येईल. शनिवारी सांग ना." आणि तो वाईट मनाने म्हणाला नाही, मला ठाऊक आहे, मी त्याच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पत्र आलं असतं तर पगार वाढून बाबांच्या व्यायामाच्या ताई आठवड्यातून तीनदा आल्या असत्या, सगळं मी मनात मांडून ठेवलेलं. पण ह्याच लॉटचे डबे न्यायला गाडी आज चारला गोदामाला लागणार होती. शनिवारी ती पूड किती स्टुलांवर पोचली असती, किती घड्या घातलेल्या टॉवेलांवर? मी तो चौकोन उचलला, खिशात टाकला आणि मॅडमच्या खोलीत गेले. दार वाजवलं की नाही आठवत नाही. सगळं एका दमात बोलून टाकलं, चप्पल सोडून. रबर म्हटलं, कसलं ते नाही म्हटलं. मॅडमनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे तू मला सांगतेयस की तुझे तीन महिन्यांचे आकडे चुकलेत." "हो." "अकरा लॉट." "हो. आजचा धरून." "खात्री आहे?" "नाही. मला चारपर्यंत वेळ द्या, दगडावर ठोकून परत करते." "आणि बावन्नच आला तर?" "तर मी मूर्ख." "आणि वेगळा आला तर?" "तरी मीच मूर्ख, पण गाडी थांबेल." त्या हसल्या नाहीत. ड्रॉवरकडे एकदा बघितलं, तेवढंच. "जा," म्हणाल्या.

सव्वादहा वाजले होते. आधी हेक्झेन, दोन नळ्या, मास्तरांचा आकडा दगडावर खरंच तोच येतो का बघायला. मग पाणी, चार नळ्या. पहिला ठोका मारताना हात आपोआप हळू झाला. तीन महिने मी हळू वागायला शिकले होते, दार हळू लावायचं, बाबांशी हळू बोलायचं, कुणी विचारलं तर "आहेत तसेच" असं हळूच सांगायचं, सगळ्याच्या खाली काहीतरी मऊ सरकवून ठेवायचं, म्हणजे काही फुटत नाही. आणि काही बसतही नाही. मी नळी उचलली आणि दगडावर आणली. ठक! अख्खी खोली वळून बघायला लागली. ठक. ठक. दातांत झिणझिण्या. चाळिसाव्या ठोक्याला तिसरी नळी गेली, काच अंगठ्यात घुसली, चष्म्याने पट्टी आणून दिली आणि न विचारता दुसरी नळी तोलून भरायला घेतली, हे मात्र मी सगळ्यांसमोर सांगणार. पहिल्या दोन नळ्यांना मी नुसती मोजत होते, पण त्या नव्या नळीच्या सत्त्याहत्तराव्या ठोक्याला आवाज बदलला. शपथ. आधी काचेचा पोकळ आवाज होता, तो एकदम आखूड झाला, घट्ट, भरलेला. मी मान तिरकी केली होती. कधी केली कळलं नाही, पण समोरच्या काचेत दिसली, माझी मान, एका बाजूला कललेली, अगदी बाबांसारखी.

हेक्झेनचा आकडा मास्तरांशी जुळला. मग पाण्याच्या नळ्या एकेक करून काट्याला लागल्या आणि ती करडी रेघ, माझी लाडकी रेघ, तळाशी जरा चढली आणि रेंगाळली. कोपऱ्यावर उभं राहून आत जावं की नको असा विचार करणाऱ्या पाहुण्यासारखी. मी पंधरा मिनिटं तिच्याकडे बघत होते आणि आतून सारखं म्हणत होते, चढ गं, चढ ना. असं म्हणायचं नसतं. मोजणाऱ्याने कुणाची बाजू घ्यायची नसते, पण म्हटलं. अडुसष्ट. सदुसष्ट. एकोणसत्तर. परत अडुसष्ट. पावणेचारला कागद घेऊन गेले. मॅडमनी तो वाचला, मग त्या लॉटचा डबा उघडला, ग्लासात कोमट पाणी घेतलं, एक चमचा पूड टाकली आणि दोघी त्याच्याकडे बघत बसलो. पूड वर बसली होती, टेकडीसारखी, आरामात. मॅडमनी चमच्याचं टोक टोचलं. आतून कोरडी. "घरी कोण पितं हे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी फोन उचलला आणि गोदामाला म्हणाल्या, "चारची गाडी भरू नका. भरली असेल तर उतरवा." मग माझ्याकडे वळल्या. "ते पत्र आत्ता देता येणार नाही मला." "माहितीय." "कधी देईन तेही सांगता येत नाही." "हो." "आधीचे दहा?" "प्रत्येकाचा राखून ठेवलेला नमुना आहे. उद्या सकाळपासून बसते. दगडावर." "नळ्या पुरतील?" "नाही पुरणार. मागवा." त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, पण त्यांनी तो वर सरकवला नाही.

घरी पोचले तर आई स्वयंपाकघरात, नळ सुरू. मी बूट न काढताच माळ्यावरची पिशवी उतरवली, बाबांच्या खोलीत गेले, आणि आधी तो टॉवेल उचलला. बाबांनी बघितलं. मी पिशवीतून उजवी चप्पल काढून पलंगावर ठेवली, टाचेला चौकोनी भोक पडलेली, आणि खिशातून तो रबराचा तुकडा काढून तिच्याशेजारी ठेवला. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, सगळं विसरले. म्हटलं, "मी कापली. मला वाटलं होतं की तुम्ही आता..." आणि पुढचं आलंच नाही. मला, जिचं तोंड कधी बंद होत नाही, तिला! बाबा त्या भोकाकडे बघत होते. मग माझ्या अंगठ्याच्या पट्टीकडे. मग त्यांनी डाव्या हाताने चप्पल स्वतःकडे ओढली, स्टुलावर ठेवली, तुकडा उचलला, कुठली बाजू वर ते एकदा फिरवून पाहिलं आणि भोकात बसवला. अंगठ्याने चारी कोपरे दाबले. तीन महिन्यांच्या ठोक्यांनी तुकडा पसरला होता, एक कडा वर राहत होती. त्यांनी ग्लास उचलला, थापीच्या दांड्यासारखा धरला आणि बुडाने ठोकलं. कोपरा, कोपरा, मध्ये. टॉवेल नसलेलं लाकडी स्टूल असं वाजलं की आतून आई ओरडली, "आले, आले!" बाबांनी मान तिरकी केली. ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्यांच्या तोंडात शब्द जमतोय, धडपडतोय, ओठाच्या उजव्या कोपऱ्यात अडकतोय. मी मध्ये बोलले नाही. आई दारात येऊन उभी राहिली, चप्पल बघून तिचंही तोंड उघडं राहिलं, तिलाही मी हातानेच थांबवलं.

"काढ," बाबा म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, "परत."

मी सुरी आणायला उठले.